घड्याळ कुणाचं? कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टरने लिहिलेला एका लॉजिस्टिक्स प्लॅटफॉर्मचा रिव्ह्यू

स्टार द्यायचेच तर साडेतीन. दीड कुठे कापला ते सविस्तर लिहिते, कारण अशा प्लॅटफॉर्मबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक माल पाठवणाऱ्या कंपनीच्या खुर्चीतून लिहिलेलं असतं. डॅशबोर्ड छान, फोन कमी झाले, सगळं एका स्क्रीनवर दिसतं, वगैरे. ते खोटं नाही. पण ज्याची गाडी त्या स्क्रीनवर ठिपका होऊन सरकते त्याला काय दिसतं, ते कुणी लिहीत नाही.

प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही. आमच्या रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये गुप्ततेचं कलम आहे आणि त्या कंपनीच्या कामावर आमच्या निम्म्या गाड्या चालतात. वापरणारे ओळखतीलच. तसंही न्हावा शेवाच्या पट्ट्यात असे जे चार-सहा प्लॅटफॉर्म चालतात, त्यांचं दुखणं साधारण एकाच जागी आहे.

आमची ओळख थोडक्यात: कळंबोलीत स्टील मार्केटजवळ ऑफिस, नऊ ट्रेलर स्वतःचे, बाकी लागतील तशा गाड्या मार्केटमधून उचलायच्या. काम बंदराचं. न्हावा शेवा ते तळोजा, महापे, भिवंडी, आणि काही गाड्या चाकणला. ड्रायव्हर आणि गाड्या दीर बघतात. बिलं, ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि भांडणं माझ्या टेबलावर.

मोठ्या गिऱ्हाईकाने एक दिवस मेल पाठवला की आता गाडीची इंडेंट, म्हणजे मागणी, या प्लॅटफॉर्मवरच येईल, तिथेच स्वीकारायची, पीओडी, म्हणजे माल पोचल्याचा पुरावा, तिथेच टाकायची, बिलही तिथूनच जाईल. विचारलं नाही, कळवलं. एका इंडेंटवर पाच पार्ट्या असतात: कंपनीचा लॉजिस्टिक्स विभाग, फॉरवर्डर (जहाजाने माल आणायची व्यवस्था बघणारा), बेलापूरचा सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट), आम्ही, आणि भिवंडीचं गोदाम, जे पुन्हा तिसऱ्याच कंपनीने चालवायला घेतलेलं. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, पण गाडीचं पान एकच.

हे एक पान असणं किती मोलाचं, ते बंदराचं काम न केलेल्याला चटकन कळणार नाही. इम्पोर्टचा एक कंटेनर बाहेर काढायचा तर शिपिंग लाइनचा डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) लागतो, कस्टमचा आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची परवानगी, लागतो, टर्मिनलचा गेट पास लागतो, आणि मग आमची गाडी. न्हावा शेवाला पाच कंटेनर टर्मिनल, आणि २०२४-२५ या एका वर्षात बंदराने ७३ लाख टीईयू हाताळले, म्हणजे वीस फुटी मापाने ७३ लाख कंटेनर. त्या गर्दीत आपला एक बॉक्स नेमका कशासाठी अडलाय हे शोधायला पूर्वी चार फोन करावे लागत. सीएचए म्हणायचा डीओ आला नाही, फॉरवर्डर म्हणायचा डीओ काल दिला, आणि गाडी करळ फाट्याच्या अलीकडे उभी. आता डीओ अपलोड झाला की त्याची वेळ पडते. आउट ऑफ चार्ज झालं की पडते. ‘कालच दिला’ हे वाक्य आमच्या धंद्यातून जवळजवळ हद्दपार झालं. एक स्टार मी एवढ्यासाठीच देऊन टाकला.

कागदपत्रांचंही बरं केलंय. सुरुवातीला गाडी जोडायची म्हणजे आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, सगळ्याचे फोटो. ड्रायव्हरच्या लायसन्सच्या दोन्ही बाजू. फोटो अंधुक आला की ‘रिजेक्टेड’. मार्केटची गाडी ऐनवेळी लावायची असली की या फोटोंपायी अर्धा-पाऊण तास जायचा. मग एका अपडेटनंतर नुसता गाडीचा नंबर टाकायचा, बाकी सगळं आपोआप भरून यायला लागलं. यामागे सरकारचं युलिप आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर ते आलं. ‘वाहन’ (गाड्यांची नोंद), ‘सारथी’ (लायसन्सची नोंद), फास्टॅग, ई-वे बिल, कस्टम, रेल्वे अशा वेगवेगळ्या खात्यांच्या सिस्टीम त्यातून खाजगी कंपन्यांना जोडून घेता येतात. जी माहिती आम्ही आरटीओला एकदा दिलेली आहे ती प्रत्येक गिऱ्हाईकाला फोटो काढून पुन्हा का द्यायची, या प्रश्नाला तेवढ्यापुरतं तरी उत्तर मिळालं. कुणी तुम्हाला प्लॅटफॉर्म विकायला आला आणि आरसीचे फोटो मागू लागला, तर तो मागच्या जमान्यातला आहे असं खुशाल समजा.

ई-वे बिलाचा इशारा हे दुसरं काम मनापासून आवडलेलं. नियम असा की २०० किलोमीटरपर्यंत एक दिवसाची मुदत, आणि तो ‘दिवस’ संपतो बिल बनवल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री. न्हावा शेवा ते भिवंडी अंतर काहीच नाही, म्हणून एकच दिवस मिळतो. आता शुक्रवारी संध्याकाळी बिल बनलं, गाडी रात्री निघाली, शनिवारी गोदामात जागा नाही, रविवारी गोदाम बंद. मुदत शनिवारी रात्री बाराला संपली. वाढवून घ्यायची तर मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढीच खिडकी उघडी. म्हणजे शनिवारी दुपारी चार ते रविवारी सकाळी आठ. ही वेळ कुणाच्या लक्षात राहते? पूर्वी माझ्या फोनवर गजर लावलेले असायचे आणि लग्नाच्या हॉलमध्ये बसून मी मुदती वाढवल्या आहेत. आता चार वाजता प्लॅटफॉर्म मलाही आणि कंपनीच्या माणसालाही मेसेज टाकतो. गाडी पकडली गेली तर दंड कराच्या दुप्पट, त्यामुळे कंपनीचा माणूसही शनिवारी दुपारी फोन उचलतो. तोही बदलच म्हणायचा.

पीओडीबद्दल तर ट्रान्सपोर्टरनी पेढे वाटले पाहिजेत. माल पोचल्याची सही-शिक्का असलेली एलआरची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीची, प्रत ड्रायव्हरकडून ऑफिसला, ऑफिसमधून कुरियरने कंपनीला, आणि ती मूळ प्रत पोचेपर्यंत बिलाला कुणी हात लावायचं नाही, ही आमची जुनी रीत. पावसाळ्यात केबिनमध्ये भिजलेली एलआर इस्त्रीने वाळवून पाठवलेली आहे मी. आता गोदामातला माणूस ओटीपी देतो, ड्रायव्हर प्रतीचा फोटो टाकतो, वेळ नोंदली जाते आणि त्याच दिवशी बिल चढवता येतं.

यातली खरी गंमत पुढे आहे, आणि लहान ट्रान्सपोर्टरनी ती नीट समजून घ्यावी. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हे दिवस मोजायचे कुठून? सेवा स्वीकारली त्या दिवसापासून, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. कुरियरच्या काळात कंपनी म्हणायची, आमच्याकडे प्रत अमुक तारखेला आली. आता पीओडीची वेळ त्यांच्याच प्लॅटफॉर्मवर छापलेली. त्यात आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) कलम) मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्यांना वजा धरता येत नाही. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला, ‘मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट एकदा मेल करा.’ इतक्या वर्षांत अकाउंट्सचा फोन आपल्याला येतो हे मला ठाऊकच नव्हतं.

इथवरचं वाचून वाटेल की पाच स्टार का नाहीत. आता नकाशाकडे येते.

प्लॅटफॉर्म गाडी दोन तऱ्हेने बघतो. आमच्या स्वतःच्या ट्रेलरना जीपीएस आहे, त्याचा डेटा जोडून दिला. मार्केटच्या गाडीला ड्रायव्हरच्या सिमवरून बघतात: त्याला मेसेज जातो, तो होकार देतो, मग मोबाइल टॉवरवरून अंदाजे जागा कळते. अंदाजे म्हणजे किती अंदाजे, ते उरणच्या खाडीकाठी काम करणाऱ्याने सांगावं. गाडी जेट्टीच्या रस्त्याला उभी आणि ठिपका पाण्यात. फॉरवर्डरच्या पोरीने मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, ‘मॅडम, व्हेइकल समुद्रात का दाखवतंय?’ मी म्हटलं, शिपिंग लाइनने परत मागितली असेल.

सिमच्या ट्रॅकिंगमध्ये दुसरी भानगड आहे. ते ट्रिप संपली की बंद होतं, आणि ट्रिप संपते पीओडी चढल्यावर. एका सुटीच्या हंगामात ड्रायव्हर बदलला. पहिला फोन घेऊन गावी गेला, दुसऱ्याने गाडी पुढे नेली, पीओडी चढायला उशीर झाला. स्क्रीनवर कंपनीचा कंटेनर दोन दिवस अंबाजोगाईला. फोनवर फोन! मला मात्र कंटेनरपेक्षा त्या ड्रायव्हरची चिंता वाटली. घरी पोरांत बसलेला माणूस पाच कंपन्यांच्या स्क्रीनवर दिसत होता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. माणसाच्या माहितीला संरक्षण देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, पण ड्रायव्हरला तो कुणी समजावलेला नाही. ‘ड्रायव्हर बदला’ असं बटण दाबताच जुन्या सिमचं ट्रॅकिंग ताबडतोब थांबलं पाहिजे, ही साधी सोय अजून नाही. अर्धा स्टार इथे गेला.

पोचण्याची अंदाजे वेळ म्हणजे तर शुद्ध विनोद. न्हावा शेवाहून भिवंडी, नकाशा सांगतो दोन तास. कारने असेल बाबा. ट्रेलर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, मानकोली असा जातो. शिळफाट्यावर अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना कधी चालू द्यायचं याच्या वेळा पोलीस ठरवतात. गणपतीत गोवा हायवेवर अवजड गाड्या बंद असतात, ते दरवर्षी आधी जाहीर होतं. प्लॅटफॉर्मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. पेपरात छापून येणाऱ्या या बंदीच्या वेळा सिस्टीममध्ये भरायला कसलं रॉकेट सायन्स लागतं, मला कळत नाही. बरं, ही वेळ नुसती दाखवायला असती तर मी हसून सोडून दिलं असतं. त्या वेळेवर आमचा स्कोअर निघतो. वेळेत पोचलेल्या गाड्यांची टक्केवारी, आणि तिच्यावर पुढच्या तिमाहीत कुणाला किती इंडेंट द्यायच्या ते ठरतं.

आता मुख्य दुखणं, भिवंडीच्या गोदामाचा गेट.

आमच्या करारात गाडी पोचल्यापासून २४ तास फुकट, पुढे दिवसाला ठरलेलं हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे. बंदराच्या कामात ट्रान्सपोर्टर मरतो किंवा तरतो तो या हॉल्टिंगवर. भाड्यात काही उरत नाही हो, डिझेल, टोल आणि कर्जाचा हप्ता जाऊन. गाडी पळती राहिली तर पैसा. गोदामाबाहेर उभी राहिली की रोजचा तोटा, शिवाय बॉक्स रिकामा करून यार्डात परत द्यायला उशीर झाला तर शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचे पैसे), आणि ते कुणाच्या गळ्यात मारायचं यावर वेगळं महाभारत.

प्लॅटफॉर्मवर गाडीच्या चार अवस्था: मार्गात, पोचली, गेट-इन, रिकामी. ‘पोचली’ ही अवस्था आपोआप लागते. गोदामाभोवती नकाशावर एक वर्तुळ आखलेलं आहे, गाडी त्यात शिरली की पोचली. कागदावर उत्तम. पण ते वर्तुळ होतं दोनशे मीटरचं. मानकोलीकडची ही गोदामं ज्याने पाहिली आहेत त्याला माहीत आहे की कंपाउंडचा आतला रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा, आणि ट्रेलरची लाइन गेटपासून मागे मुख्य रस्त्यापर्यंत लागते. चाळीस फुटी ट्रेलर पंधरा-सोळा मीटर खातो, वर मधलं अंतर. दहा-बारा गाड्या लागल्या की शेपूट वर्तुळाच्या बाहेर. आमची गाडी शेपटात असायची आणि स्क्रीन म्हणायची ‘मार्गात’. गाडी सकाळी सहाला लाइनीत लागली, दुपारी पुढे सरकून वर्तुळात शिरली, की प्लॅटफॉर्मच्या लेखी ती दुपारी पोचली. हॉल्टिंगचं घड्याळ तेव्हा सुरू, आणि वेळेत न पोचल्याचा शिक्का आमच्यावर.

आमच्याकडे एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा फोन आला. ‘वहिनी, मी गाडीतून उतरून गेटवर चालत जाऊन आलो, वॉचमनला तंबाखू देऊन आलो, आणि मोबाइल म्हणतोय अजून पोचलो नाही. मग मी कोण गेलो होतो?’

मी गोदामाच्या सुपरवायझरला फोन लावला. तो आवाजाने बिचारा सज्जन. ‘ताई, सिस्टीममध्ये गाडी आलीच नाही तर मी काय करू?’

पुढची अवस्था, गेट-इन, ती तर वॉचमनच्या बोटावर. त्याच्या हातातल्या मोबाइलवर तो ‘गेट-इन’ दाबतो. कधी दाबतो? डॉक, म्हणजे गोदामातला माल उतरवायचा ओटा, रिकामा झाला की. कारण गोदाम चालवणाऱ्या कंपनीचा टर्नअराउंड, म्हणजे गेट-इन ते गाडी रिकामी होणं, हाही याच प्लॅटफॉर्मवर मोजला जातो आणि तीन तासांच्या वर गेला तर त्यांचे पैसे कापले जातात. म्हणून तीन तासांत रिकामी होण्याची खात्री झाल्याशिवाय कुणी गाडी आत घेत नाही. गोदामाचा आकडा झकास. कंपनीच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं. आणि बाहेर रस्त्यावर लागलेली लाइन कुणाच्याच आकड्यात नाही.

मला यात कुणी लबाड वाटत नाही. वॉचमन नोकरी वाचवतोय, सुपरवायझर त्याचं टार्गेट. पण प्लॅटफॉर्म ‘सामाईक’ म्हणून विकला जातो तेव्हा विचारायला हवं, की वेळ लिहायचा हात कुणाचा? ज्याचं बिल त्या वेळेवर ठरतं, त्याला ती लिहिताही येत नाही आणि खोडताही येत नाही, असं पाच पार्ट्यांत फक्त आमचं होतं.

मग आम्ही बसून कागद केला. जीपीएसवाल्याकडून महिन्याभराचा प्रत्येक गाडीचा लॉग काढला: लाइनीत वेग शून्य कधी झाला, कुठे झाला. मामांना आणि बाकीच्यांना सांगितलं, लाइनीत लागलात की पुढच्या गाडीची नंबर प्लेट आणि मागे दुकानाची पाटी येईल असा फोटो काढायचा. चाकणच्या गाड्यांसाठी खालापूर टोलची फास्टॅगची वेळ काढली, म्हणजे गाडी घाटाखाली कधी होती यावर वाद नको. हे सगळं एका शीटवर प्लॅटफॉर्मच्या वेळेशेजारी मांडलं आणि बेलापूरच्या मासिक मीटिंगला घेऊन गेले. दीर म्हणत होते, वहिनी, काम जाईल. मी म्हटलं, असं काम राहून तरी काय मिळतंय.

कंपनीच्या लॉजिस्टिक्सच्या मॅडमनी शीट शांतपणे वाचली. प्लॅटफॉर्मचा माणूस ‘युजर ट्रेनिंग’ असं काहीतरी सुरू करणार होता, त्याला त्यांनी थांबवलं आणि उपग्रहाचा नकाशा उघडायला लावला. गेट सापडला, वर्तुळ दिसलं, आणि वर्तुळाबाहेर रस्त्याच्या कडेला ट्रेलरची रांग त्या उपग्रहाच्या फोटोतसुद्धा दिसत होती. त्यावर वाद घालायला काही उरलंच नाही. वर्तुळ मोठं झालं, आणि ‘पोचली’च्या आधी एक नवी अवस्था आली, ‘लाइनीत’. ड्रायव्हर बटण दाबतो, जीपीएस त्याच जागेची साक्ष देतो, आणि आमचं घड्याळ तिथून चालू होतं. त्या महिन्याचं भिवंडीचं हॉल्टिंग बिल एकही मेल न करता पास झालं. दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती: लाइन आकड्यात दिसायला लागल्यावर गोदामाने गाड्यांना वेळा वाटून द्यायला सुरुवात केली, आणि लाइन बरीच आखडली.

म्हणजे प्लॅटफॉर्ममध्ये दम आहे. हे जमलं ते त्याच्यावरच जमलं. रजिस्टर आणि फोनच्या काळात असं शीट करून मी कुणाला दाखवलं असतं? पण ही दुरुस्ती फक्त भिवंडीच्या त्या एका गोदामाला झाली. तळोजा आणि चाकणला जुनंच वर्तुळ, जुन्याच चार अवस्था. तिथेही हवं तर पुन्हा शीट करा, असा एकूण सूर आहे. उरलेला एक स्टार या सुरावर कापला.

एक आठवण करून देते, कारण मीटिंगमध्ये प्लॅटफॉर्मवाले जगभरचे दाखले देतात तेव्हा हा दाखला गाळतात. मर्स्क आणि आयबीएमने मिळून ट्रेडलेन्स नावाचा प्लॅटफॉर्म आणला होता, २०१८ साली. ब्लॉकचेन, जगभरची बंदरं, कस्टम, शिपिंग लाइन्स, सगळे एका पानावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच तो बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर तो मिटला. कारण त्यांनीच दिलं: सगळ्या उद्योगाचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही. यंत्र बिघडलं म्हणून तो गेला नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग लाइन्सपैकी एकीने मांडलेल्या पाटावर बाकीच्यांनी आपापली माहिती आणून का वाढावी, हा प्रश्न होता, असं माझं मत. आमच्या छोट्या मांडवातही तोच आहे. पाट कंपनीचा, जेवणावळीचे नियम कंपनीचे.

याच्या उलट, सरकारी लॉजिस्टिक्स डेटा बँक बघा. २०१६ मध्ये न्हावा शेवापासूनच सुरू झाली. कंटेनरला आरएफआयडी टॅग लागतो, गेटवरचे रीडर तो वाचतात, आणि कंटेनर नंबर टाकला की कुणालाही बॉक्स कुठून कधी निघाला ते बघता येतं. दिसायला साधी, फार काही सांगत नाही. पण जे सांगते ते मला आणि कंपनीला सारखंच सांगते. आमच्या प्लॅटफॉर्मवर कंपनीला जे दिसतं त्याचा चौथा हिस्सा मला दिसतो. माझा स्कोअर मला दिसतो, तो कसा काढला ते दिसत नाही.

स्पॉटच्या, म्हणजे कराराबाहेर ऐनवेळी लागणाऱ्या, गाड्यांबद्दल फार लिहीत नाही. पंधरा मिनिटांचा उलटा लिलाव, सगळ्यात कमी भाड्याला गाडी, आपल्याला फक्त आपला नंबर कळतो. मार्केटच्या कुठल्याही दलालापेक्षा वाईट नाही आणि बराही नाही. दलाल निदान दिवाळीला मिठाई द्यायचा.

ड्रायव्हरचं ॲप सुटसुटीत आहे. मोठी बटणं, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, नेट नसलं तर फोटो साठवून ठेवतं आणि रेंज आली की चढवतं. बंदराच्या आत रेंजची बोंब असते, त्यामुळे हे फार उपयोगाचं. मामांसारखा माणूस तासाभरात शिकला. अडचण फोनची आहे. मार्केटच्या गाडीवरच्या पोराच्या फोनमध्ये जागाच नसते, ॲप उतरवायला आधी भोजपुरी गाणी उडवावी लागतात, आणि त्यावर तो माझ्याशी बोलेनासा होतो.

आणि हो, इतकं सगळं असून व्हॉट्सॲपचा ग्रुप चालूच आहे. पाचही पार्ट्यांचा. स्क्रीनवर गाडी दिसत असते, तरी सकाळी साडेनवाला फॉरवर्डर ग्रुपवर लिहितोच, ‘गाडी कुठे?’ मी स्क्रीनचा फोटो काढून टाकते. त्याचं समाधान होतं.

कुणी हा किंवा असा प्लॅटफॉर्म घ्यायला सांगत असेल, तर नाही म्हणायची सोय आपल्याला नसते, हे मला माहीत आहे. पण सही करण्याआधी रेट इतकंच घड्याळावर बोला. गाडी पोचली हे कोण ठरवणार, वर्तुळ केवढं, लाइन आत धरलीय का, आणि वॉचमनने बटण दाबलं नाही तर काय, हे करारात लिहून घ्या. आम्ही नव्या करारात आता एक ओळ घातलीय की प्लॅटफॉर्मची वेळ आणि आमच्या जीपीएसची वेळ यात फरक आला तर जीपीएस ग्राह्य. त्यांच्या लीगलने महिनाभर फाइल अडवली, पण ओळ राहिली. शुल्काकडेही बघा: सुरुवातीला ट्रान्सपोर्टरला फुकट सांगतात, मग ट्रिपमागे थोडं थोडं बिलातून कापायला लागतात. आमच्याकडे पुढच्या तिमाहीपासून लागू होतंय. हॉल्टिंग सुटलेल्या गोदामापुरतं मी ते आनंदाने देईन, चाकणसाठी नाही, असं लिहून कळवलंय. उत्तर यायचंय.

शेवटचं, कामाचं. आपल्या ट्रिपचा सगळा डेटा ‘रिपोर्ट्स’मध्ये अगदी खाली ‘ट्रिप लॉग’ नावाने आहे, एक्सेलमध्ये उतरतो. अवस्थांच्या वेळा फक्त त्यातच पूर्ण असतात, बिलाच्या पानावर नसतात. नव्वद दिवसांनी तो लॉग आर्काइव्हमध्ये जातो आणि मग मागायला तिकीट टाकावं लागतं, तेव्हा दर महिन्याला बिलं चढवायच्या आधीच उतरवून ठेवा.